घरातला पहिला पदवीधर कोणाला म्हणावे?



आज मी तुमच्याशी एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. प्रश्न असा : "तुझे आई-वडील किती शिकले आहेत?" शाळेत मुलाचे नाव घालताना हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. आपण उत्तर देतो, कारकून ते लिहून घेतो आणि विषय तिथे संपतो. पण अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेश-अर्जात हाच प्रश्न येतो तेव्हा विषय संपत नाही, सुरू होतो. अर्ज करणारा मुलगा किंवा मुलगी 'पहिल्या पिढीतली' आहे की नाही, हे त्या उत्तरावरून ठरते. 'फर्स्ट जनरेशन' असा तिकडचा शब्द आहे. आणि तसे ठरले, तर अर्ज वाचणारा माणूस त्या मुलाचे गुण आणि त्याचे घर एकमेकांशेजारी ठेवून पाहतो.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कॉलेजांचे आम्हांला काय सांगता? आमची मुले तालुक्याच्या कॉलेजात जातात तेच पुष्कळ. खरे आहे. पण आता त्या कॉलेजांचा अर्ज खेड्यातल्या मुलालाही हातातल्या फोनवर उघडता येतो, आणि एखादा हुशार पोरगा तो उघडून सरळ गुरुजींकडे येतो, "सर, इथं काय लिहू?" म्हणून. शिवाय आपल्याच देशात, तमिळनाडू राज्यात, याच प्रश्नावरून मुलांची फी माफ होते. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांच्या घरात अजून कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही अशी मुले तुमच्या-माझ्या गावच्या वर्गात आजही बसलेली आहेत. त्यांना कोण ओळखतो आणि कसे ओळखतो, हा प्रश्न आपलाही आहे.

आधी ही कल्पना कुठून आली ते पाहू.

१९६४ साली अमेरिकेत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध मोहीम उघडली. तिच्यातून 'अपवर्ड बाउंड' नावाची एक योजना निघाली. गरीब घरच्या, हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांना कॉलेजसाठी तयार करणे, हे तिचे काम. पुढल्या वर्षी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. ती त्यांनी राजधानीत केली नाही. टेक्सासमधल्या सान मार्कोस या गावी ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते, तिथे जाऊन केली. शिक्षक बंधुभगिनींना ऐकून बरे वाटेल, की हे जॉन्सन एके काळी शाळामास्तर होते. १९२८ साली कोटुला नावाच्या लहानशा गावात त्यांनी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवले होते.

पुढे अशा मदतीच्या योजना वाढल्या. मग सरकारपुढे नेहमीचा प्रश्न आला : मदत कोणाला द्यायची? नुसते उत्पन्न पाहून पुरत नव्हते. १९८० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा 'पहिल्या पिढीचा विद्यार्थी' हा शब्द त्यात आला. त्या व्याख्येचा सरळ मराठीत अर्थ असा : ज्याच्या आई आणि वडील या दोघांपैकी कोणीही पदवी पूर्ण केलेली नाही, तो पहिल्या पिढीचा. आणि जो मुलगा एकाच पालकापाशी राहत आला, त्याच पालकाने ज्याला पोसले, त्याच्या बाबतीत त्या एकाच पालकाचे शिक्षण पाहायचे.

आता कोणी विचारील, बापाच्या पदवीचा मुलाच्या बुद्धीशी काय संबंध? बुद्धीशी काहीच नाही. संबंध आहे तो माहितीशी. ज्या घरात कोणी कॉलेजात जाऊन आलेले असते, त्या घरात काही गोष्टी जेवता जेवता कळतात. अर्जाची शेवटची तारीख म्हणजे खरोखरच शेवटची तारीख असते, हे कळते. बारावीला गणित सोडले तर पुढे कोणकोणती दारे बंद होतात, हे कळते. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, शिष्यवृत्तीचा वेगळा असतो, उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा लागतो, हे कळते. एखाद्या विषयात पहिल्या वर्षी नापास झाले म्हणजे जग बुडत नाही, पुन्हा बसता येते, हेही कळते. आणि प्राध्यापकांच्या खोलीचे दार वाजवून "मला हे समजले नाही" असे म्हणायला हरकत नसते, हे तर फार उपयोगाचे ज्ञान.

ज्या घरात हे कोणालाच ठाऊक नाही, तिथला मुलगा हुशार असूनही अडखळतो. आई-बाप प्रेमात कमी नसतात. ते म्हणतात, "बाळा, तू शीक, आम्ही पोटाला चिमटा काढू." पैशाची तजवीज ते कशीबशी करतात. पण कोणत्या खिडकीशी उभे राहायचे, हे ते सांगू शकत नाहीत. पहिल्या पिढीची व्याख्या ही या उणिवेचे माप आहे. आणि माप म्हटले की भांडण आले. शेर कुठल्या गावचा, पायली कोणाच्या घरची, असे पूर्वी व्हायचे ना, तसेच इथेही होते.

पहिले भांडण : शिक्षण किती?

समजा, एका मुलीचे वडील डी. एड. झालेले प्राथमिक शिक्षक आहेत आणि आई दहावीपर्यंत शिकली आहे. ही मुलगी पहिल्या पिढीची की नाही? गावात तर ते घर शिकलेले समजले जाते. पण डी. एड. ही पदविका आहे, पदवी नाही. अमेरिकेच्या कायद्याची व्याख्या लावली तर ही मुलगी पहिल्या पिढीची ठरते. आयटीआय केलेल्या फिटरची किंवा तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्या ओव्हरसियरची मुलेही तशीच. तिकडेही दोन वर्षांची कॉलेजे असतात. तिथून बाहेर पडलेल्या माणसाची मुले या व्याख्येने पहिल्या पिढीचीच राहतात. पण तिथल्याच शिक्षणविषयक आकडेवारीत पुष्कळदा दुसरी, कडक व्याख्या वापरतात. तीत आई-वडील हायस्कुलापुढे अजिबात गेलेले नसावे लागतात. ती लावली तर गुरुजींची मुलगी बाहेर गेली. उलट काही ठिकाणी व्याख्या इतकी सैल, की आई-वडिलांपैकी एकाजवळ जरी पदवी नसली तरी चालते.

याने किती फरक पडावा? अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातले अभ्यासक रॉबर्ट टाउटकुशियन आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या गटाला आठ निरनिराळ्या व्याख्या लावून पाहिल्या. मुले तीच, त्यांची घरे तीच. पण एका व्याख्येने शंभरातले २२ विद्यार्थी पहिल्या पिढीचे ठरले, तर दुसऱ्या व्याख्येने ७७. म्हणजे 'आमच्या कॉलेजात पहिल्या पिढीचे इतके विद्यार्थी आहेत' असे कोणी अभिमानाने सांगितले, तर टाळी वाजवण्याआधी 'कोणत्या मापाने?' हे विचारायला हवे.

दुसरे भांडण : शिक्षण कोणाचे?

आई-वडिलांचे, हे उत्तर सोपे वाटते. पण घरे सगळी सारखी नसतात. एका मुलाचा बाप बी. ए. झालेला आहे, पण मुलगा दोन वर्षांचा असताना तो घर सोडून गेला आणि परत फिरकला नाही. आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून मुलाला वाढवले. बापाची पदवी त्या मुलाच्या काय उपयोगाची? कायद्याच्या व्याख्येतले दुसरे वाक्य अशाच घरासाठी आहे. ज्या आईपाशी तो राहिला तिचेच शिक्षण मोजायचे. मला हे वाक्य फार शहाणपणाचे वाटते. ज्याने ते लिहिले, त्याने कागदावरचा बाप आणि घरातला बाप यांतला फरक ओळखला होता. मात्र प्रत्येक कॉलेज हा भेद पाळतेच असे नाही. तेव्हा त्या त्या कॉलेजाने काय लिहिले आहे ते वाचावे लागते.

मग भावंडांचे काय? थोरली बहीण पदवीधर झाली, आता धाकटा भाऊ अर्ज करतो आहे. पुष्कळांना वाटते, आता हा काही घरातला पहिला राहिला नाही. अमेरिकेतल्या सर्वसाधारण व्याख्येत भावंडे मोजतच नाहीत. आई-बापांपैकी कोणी पदवीधर नाही ना, मग थोरली बहीणही पहिल्या पिढीची आणि धाकटा भाऊही. 'पिढी' हा शब्दच ते सांगतो. ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा, कारण थोड्या वेळाने तमिळनाडूकडे वळलो की हेच उत्तर उलटे होणार आहे.

तिसरे भांडण : पदवी कुठली?

इथे आपल्या मराठी मंडळींचा थेट संबंध येतो. पुण्याहून बी. ई. होऊन न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गेलेले एक कुटुंब घ्या. त्यांचा तिकडे जन्मलेला मुलगा कॉलेजचा अर्ज भरतो. तो म्हणतो, "आमच्या घरात अमेरिकन कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मग मी फर्स्ट जनरेशन." यात दोन शब्दांचा गोंधळ आहे. परदेशातून येऊन राहिलेल्यांच्या घरालाही तिकडे 'फर्स्ट जनरेशन' म्हणतात. ती अमेरिकेतली पहिली पिढी झाली, कॉलेजातली नव्हे. वडिलांची पुण्याची पदवी ही पदवीच. सर्वसाधारण व्याख्येने तो मुलगा पहिल्या पिढीचा नाही. काही कॉलेजे मात्र पदवी अमेरिकेतली आहे का एवढेच विचारतात, आणि मग तोच मुलगा तिथे आत येतो. आपल्याकडची तीन वर्षांची बी. ए., बी. कॉम. हीसुद्धा पदवीच आहे. मुक्त विद्यापीठातून, घरचे काम सांभाळून, चाळिसाव्या वर्षी आईने मिळवली असली तरी ती पदवी आहे आणि तसेच लिहिले पाहिजे.

आता आपल्या देशात येऊ.

तमिळनाडू सरकारने २०१०-११ या शैक्षणिक वर्षापासून एक सवलत सुरू केली. घरातला जो मुलगा किंवा मुलगी पहिल्यानेच पदवीला जाते, तिला सरकारी समुपदेशनातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर तिची शिकवणीची फी सरकार भरते. त्यासाठी जातीची अट नाही, उत्पन्नाची अट नाही. अट एकच : घरात आधी कोणी पदवीधर नसावा. आणि घर म्हणजे कोण? आई, वडील, भाऊ, बहिणी, शिवाय दोन्हीकडचे आजी-आजोबा. तसा दाखला महसूल खात्याकडून काढावा लागतो. कास्तकाराला जसा सात-बारा, तसा त्या मुलाला हा 'पहिला पदवीधर' दाखला.

आता फरक पाहा. अमेरिकेत विचारतात, मुलाला वाट दाखवणारे मोठे माणूस घरात आहे का? म्हणून तिथे आई-बाप पाहतात आणि भावंडे सोडून देतात. तमिळनाडूत विचारतात, या घराने पदवीचा उंबरठा एकदा तरी ओलांडला आहे का? म्हणून तिथे तीन पिढ्या पाहतात आणि भावंडेही मोजतात. थोरलीला सवलत मिळून ती पदवीधर झाली की धाकट्याचा दाखला संपला. त्याच आई-बापाच्या पोटी, त्याच घरात वाढलेला मुलगा, पण फी पुरी भरायची. धाकट्याला ते खुपणारच. पण सरकारच्या बाजूनेही विचार करा. तिजोरी एकच आहे आणि घरे लाखो आहेत. एका घरात दिवा लागला, आता दुसऱ्या घरी लावू, असा तो हिशेब आहे. घरातल्या थोरल्या दिव्याने धाकटा दिवा लावावा, अशी त्यामागे अपेक्षा आहे. ती प्रत्येक घरात पुरी होते असे मात्र म्हणवत नाही. थोरलीचे लग्न होऊन ती दूर गेलेली असते, किंवा तिला अजून नोकरी लागलेली नसते.

आपल्या महाराष्ट्रात काय आहे? आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या, वैद्यकीच्या प्रवेशांत प्रवर्ग विचारतात, उत्पन्न विचारतात, अधिवास विचारतात. घरात पदवीधर नाही म्हणून वेगळी रांग नाही. पण पहिल्या पिढीची काळजी महाराष्ट्राने घेतलीच नाही असे म्हणणे खोटे होईल. ती व्याख्येने घेतली नाही, वसतिगृहाने घेतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि मुलांनी राबून शिकावे, म्हणून 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. १९४७ साली साताऱ्याला त्यांचे कॉलेज निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि १९५० साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. या कॉलेजांनी कोणाला 'तुझ्या बापाची पदवी दाखव' म्हटले नाही. बापाला अक्षरओळख नव्हती अशी कितीतरी मुले तिथल्या बाकांवर बसली.

आता थोडे वादाचे बोलू. ही व्याख्या न्यायाची आहे का?

दोन घरे समोर ठेवा. एक आहे बाजारपेठेतला मोठा अडत्या. गाड्या आहेत, गोदामे आहेत, पण नवरा-बायको दोघेही दहावीच्या पुढे गेलेली नाहीत. दुसरा आहे बी. ए. झालेला माणूस. नोकरी लागली नाही, जमीन नाही, आज तो साखर कारखान्याच्या हंगामात रोजंदारीवर जातो. व्याख्येने अडत्याची मुलगी पहिल्या पिढीची आणि या रोजंदारी माणसाची मुलगी नाही. कानाला हे खटकते. म्हणूनच अमेरिकेच्या कायद्याने पहिली पिढी एकटी ठेवली नाही, तिच्याशेजारी उत्पन्नाची अट बसवली. अपवर्ड बाउंडसारख्या योजनेत निदान दोन-तृतीयांश मुले अशी हवीत, जी पहिल्या पिढीचीही आहेत आणि कमी उत्पन्नाच्या घरचीही आहेत. अज्ञान आणि दारिद्र्य ही बहुतेक वेळा एकाच घरात नांदतात, पण ती एकच नव्हेत, हे त्यांनी मान्य केले. कॉलेजांच्या प्रवेशात मात्र दोन्ही गोष्टींची सांगड कशी घालायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला. प्रवेश देताना विद्यार्थ्याचा वंश विचारात घेण्याची रीत त्याने संपली. तेव्हापासून घरचे शिक्षण, घरचे उत्पन्न, राहते गाव अशा खुणांकडे पाहण्याला तिथे अधिक महत्त्व आले. म्हणजे व्याख्येतला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तरी कोणाची तरी जागा हलते. २०२४-२५ या वर्षापासून तिथल्या सरकारी अर्थसाहाय्याच्या अर्जातलाही प्रश्न बदलला आहे. पूर्वी वडील कुठवर शिकले आणि आई कुठवर शिकली, असे वेगवेगळे विचारीत. आता दोघांपैकी कोणी कॉलेजात गेले होते का, आणि गेले असल्यास ते पूर्ण केले का, असे एकत्र विचारतात. 'ठाऊक नाही' हेही उत्तर तिथे देता येते. बापाचा ठावठिकाणाच नसलेल्या मुलासाठी ते उत्तर किती मोलाचे आहे, पाहा.

मग हे माप वापरायचे कसे? माझे मत असे, की काय द्यायचे आहे यावर मापाची रुंदी ठरवावी. जिथे जागा मोजक्या आणि पैसे मोजके, तिथे व्याख्या नेमकी हवी, लिहून ठेवलेली हवी, सर्वांना आधी कळलेली हवी. पण जिथे नुसता सल्ला द्यायचा आहे, वाट दाखवायची आहे, तिथे दार रुंद ठेवायला काय हरकत? अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र आहे. तिथे ज्याला अशा शिक्षणसंस्थेत वावरण्याची आधीची ओळख नाही आणि मदतीची गरज वाटते, तो स्वतःला पहिल्या पिढीचा म्हणवून आत येऊ शकतो. सल्ला दिल्याने कमी होत नाही. फीची रक्कम मात्र एकाला दिली की दुसऱ्याला उरत नाही. तेव्हा फीच्या दारावर पहारा ठेवावा, सल्ल्याच्या दारावर कशाला?

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

एक. अमेरिकेतल्या हजाराहून अधिक कॉलेजांसाठी 'कॉमन ॲप' नावाचा एकच अर्ज चालतो. त्यात आई-वडिलांचे शिक्षण, कॉलेजचे नाव आणि पदवी विचारतात. दोघांपैकी कोणी पदवी पूर्ण केली नसेल तर मूल पहिल्या पिढीचे, हेच तिथले साधारण माप आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा आहे, पण मापही हेच : आई-वडिलांपैकी कोणाजवळही चार वर्षांच्या कॉलेजची पदवी नसणे.

दोन. पहिल्या पिढीचे असणे म्हणजे राखीव जागा नव्हे, आणि जादा गुणही नव्हेत. अर्ज वाचताना ती एक बाब ध्यानात घेतात, इतकेच. कोणते कॉलेज तिला किती महत्त्व देते, हे 'कॉमन डेटा सेट' नावाच्या तक्त्यात कळते. पुष्कळ कॉलेजे तो दर वर्षी प्रसिद्ध करतात. 'फार महत्त्वाचे', 'महत्त्वाचे', 'विचारात घेतो', 'विचारात घेत नाही' अशा चार रकान्यांत तिथे खूण केलेली असते.

तीन. अपवर्ड बाउंडसारख्या तिथल्या सरकारी योजना तिथल्या नागरिकांसाठी आणि कायमच्या रहिवाशांसाठी आहेत. इथून जाणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. कॉलेज स्वतःच्या निधीतून काय देते, ते विचारावे.

चार. खरे लिहावे. आई-वडिलांच्या शिक्षणाचा दाखला तिथे अर्जासोबत सहसा मागत नाहीत, विद्यार्थ्याच्या सहीवर विश्वास ठेवतात. म्हणून कोणी सांगेल, "अरे, वडिलांची पदवी लिहूच नकोस, कोण बघायला येतंय!" असा सल्ला देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. खोटे उघडकीस आले तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. आणि घरात ज्याने कष्टाने पदवी मिळवली, त्याची पदवी लपवून मुलाने पुढे जावे, हे त्या घरालाही शोभत नाही. उलट, ज्याच्या घरात खरोखरच कोणी शिकलेले नाही, त्याने ते लिहायला लाजू नये. पुष्कळ मुले लाजतात. आई अंगठा करते हे लिहायला हात धजत नाही. त्यांना सांगा, बाळ, तिथे ही कमीपणाची बाब समजत नाहीत. तू किती लांबून चालत आलास, त्याचा तो पुरावा समजतात.

आता शेवटचे बोलणे शिक्षक बंधुभगिनींशी.

त्या अर्जासोबत शिक्षकाचे पत्र मागतात. आपली पत्रे कशी असतात ते आपल्याला ठाऊक आहे. 'विद्यार्थी हुशार, होतकरू व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' हे वाक्य आपण शंभर मुलांना दिलेले असते. त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याऐवजी दिसलेले लिहा. मुलगी पहाटे गोठा आवरून सहा किलोमीटर सायकलने शाळेत येत असेल, तर तसे लिहा. घरात वाचता येणारी ती एकटीच असून बँकेचे, दवाखान्याचे, सोसायटीचे सगळे कागद तीच वाचून दाखवीत असेल, तर ते लिहा. पदवीच्या रकान्यात 'नाही' एवढेच दिसते. त्या 'नाही'चा अर्थ तुमच्या पत्रातून कळतो.

आणि अमेरिकेला जाणारा एखादाच असतो. बाकीच्यांचे काय? त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट करता येईल. दहावीच्या वर्गात कोणाच्या घरात एकही पदवीधर नाही, याची यादी शाळेने शांतपणे करावी. ती फळ्यावर लावायची नाही, वर्गात वाचून दाखवायची नाही, फक्त गुरुजींच्या वहीत ठेवायची. त्यात सैल व्याख्या घ्या. वडील पदवीधर पण घरी नाहीत, अशा मुलालाही घ्या. थोरली बहीण शिकून सासरी गेली, त्या घरच्या धाकट्यालाही घ्या. वर्षातून दोन शनिवार त्या मुलांना आणि त्यांच्या आई-बापांना एकत्र बसवा. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, कोणता दाखला कधी काढायचा, कोणत्या शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा निघतो, वसतिगृह कुठे आहे, एवढे त्यांना सांगा. गावातला एखादा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल, तर सुटीत तिलाच बोलवा. तिच्या तोंडून ऐकले की मुलांना पटते, आणि आयांना धीर येतो.

या कामाला सरकारी ठराव लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. तमिळनाडूच्या तहसील कचेरीत किंवा अमेरिकेच्या प्रवेश-कचेरीत पहिली पिढी कोण, याची चर्चा यापुढेही चालेल, व्याख्या बदलतील. तुमच्या वर्गात मात्र ती मुले नावानिशी बसलेली आहेत, आणि बारावीच्या अर्जांच्या तारखा दर वर्षी ठरल्या वेळी येतात. पहिला शनिवार त्या तारखांच्या आधीचा निवडा.